लेकराने लिहिलेले वाचणार कोण?



गेल्या वर्षीच्या वळवाच्या पावसातली गोष्ट. सकाळी सकाळी आमच्या आळीतल्या एक वहिनी ओसरीवर आल्या. मागे त्यांचा मुलगा. पोराने नुकतीच नववीची परीक्षा दिलेली. वहिनींच्या डोळ्यांत रात्रभराचे जागरण दिसत होते. म्हणाल्या, "भाऊजी, चाळीचे पत्रे उडाले. कांदा भिजला. तलाठी भाऊसाहेबांना अर्ज द्यायचाय पंचनाम्याचा. पोराकडून तेवढा लिहून घ्या."

मी पोराला कागद-पेन दिले. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे. 'महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की,' इथपर्यंत पेन झरझर चालले आणि तिथेच थांबले. पाच मिनिटे झाली, दहा झाली. पोरगा कधी छताकडे बघे, कधी आईकडे.

मी म्हणालो, "बरं, कागद ठेव बाजूला. मला नुसतं सांग, काय झालं?"

मग काय विचारता! "काका, रात्रीचे साडेआठ वाजले असतील. आधी नुसता धुरळा उठला. मग चाळीचा पश्चिमेकडचा पहिला पत्रा कडाडला. आई म्हणाली, ताडपत्री काढ. ती काढेस्तोवर सात पत्रे गेले. एक तर पार ओढ्याच्या बांधावर जाऊन पडला. सकाळी मोजलं, तर पाच कप्पे भिजलेत. वरचा थर पंख्याखाली वाळंल, पण खालचा आता सडणार."

"अरे, मग हेच लिही ना!"

पोराने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी काही भलतेच बोललो. म्हणाला, "हे? हे असं लिहायचं असतं का?"

मंडळी, त्या पोराचा हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात रुतून बसला आहे. नऊ वर्षे शाळेत गेलेला मुलगा. 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध त्याने दरवर्षी लिहिला असेल. त्या निबंधात मोर नाचतो, इंद्रधनुष्य उमटते, धरणीमाता हिरवा शालू नेसते. पण आपल्या चाळीचे पत्रे उडाले, हेही लिहायचे असते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. यात पोराचा दोष नाही. शिक्षकांवरही सगळे ढकलता येणार नाही. मुळाशी दुसरीच अडचण आहे. मूल वहीत लिहिते ते कोणासाठी? गुरुजींनी लाल खूण करावी म्हणून. गुरुजी ते वाचतात ते चुका शोधायला, त्यांना त्यातून काही नवे कळावे म्हणून नव्हे. खूण झाली की वही मिटली, आणि वर्षअखेर ती रद्दीत गेली. ज्या मालाला गिऱ्हाईकच नाही, तो माल कोण मन लावून पिकवील?

लेकराला खराखुरा वाचणारा मिळाला तर काय होते, हे शंभर वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्याच मुलाने करून दाखवले आहे. आज त्याची हकिगत सांगतो.

फ्रान्स देशाच्या दक्षिणेला डोंगरात गार्स नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथे १८९६ साली सेलेस्तँ फ्रेने यांचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धात त्यांना सैन्यात जावे लागले. १९१७ साली त्यांच्या फुप्फुसाला गोळी लागली. जीव वाचला, पण दम कायमचा कमी झाला. १९२० साली बार-स्युर-लू या गावच्या शाळेत ते मास्तर म्हणून रुजू झाले. गाव कडू संत्र्यांच्या झाडांचे. त्या झाडांच्या फुलांपासून अत्तर काढतात. शाळेत येणारी मुले गरीब शेतकऱ्या-कारागिरांची.

आता मास्तर म्हटले की मोठ्याने बोलणे आले. फ्रेने मास्तरांना तेच जमेना. थोडा वेळ बोलले की धाप लागे. तेव्हा ते मुलांना घेऊन गावात फिरायला जाऊ लागले. विणकर कसा विणतो, सुतार रंधा कसा मारतो, शेतात काय चालले आहे, ते बघायचे. मुलांचे डोळे लकाकत, तोंडाला खळ नसे. वर्गात परत आल्यावर पाहिलेले सगळे फळ्यावर लिहून काढत. पण पुढचा तास आला की फळा पुसला जाई आणि वाचायला पुन्हा तेच पाठ्यपुस्तक. त्यात या गावचे काही नाही, या मुलांचे काही नाही. मुलांचे चेहरे उतरत.

मास्तरांनी यावर तोड काढली. १९२४ च्या सुमारास त्यांनी एक लहानसे हाताने चालवायचे छपाईयंत्र विकत घेतले आणि ते थेट वर्गात आणून ठेवले.

ज्यांनी जुना छापखाना पाहिला असेल त्यांना हे काम ठाऊक असेल. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची. खिळ्यावर अक्षर उलटे असते, म्हणून डोळ्यांत तेल घालून बघावे लागते. ओळी घट्ट आवळायच्या, शाईचा रूळ फिरवायचा, कागद ठेवून दाब द्यायचा. एक अक्षर चुकले तर छापलेल्या प्रत्येक कागदावर ती चूक दिसते. म्हणजे शुद्धलेखनाचा तास वेगळा घ्यायची गरजच उरली नाही. मुले आपण होऊन एकमेकांच्या ओळी तपासू लागली.

छापायचे काय? तर मुलांनी स्वतः लिहिलेले. विषय गुरुजींनी द्यायचा नाही. घरी शेळी व्याली, ओढ्याला पाणी आले, बाप आजारी पडला, जे मनात असेल ते लिहावे. मुलांनी आपापले वाचून दाखवायचे आणि कोणाचे छापायचे ते वर्गाने हात वर करून ठरवायचे. मग निवडलेला मजकूर फळ्यावर लिहून सगळ्यांनी मिळून नीट करायचा. हे वाक्य कळत नाही, इथे काय म्हणायचे आहे, असे विचारीत विचारीत. ज्याने लिहिले त्याचा शब्द शेवटचा. सांगतात की, सुरुवातीच्या काळात एकदा मुलांनी वर्गात गोगलगायींची शर्यत लावली होती आणि तिचीच हकिगत लिहून छापली. पाठ्यपुस्तकात ती कधी सापडली असती का?

खरी गंमत पुढेच आहे. छापलेली पाने गावात घरोघर गेली, पण मास्तरांना तेवढ्यावर थांबायचे नव्हते. फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनी प्रांतात, समुद्रकाठी त्रेगँ नावाचे गाव आहे. तिथल्या रने दानिएल या शिक्षकाने आपल्या शाळेतही छपाई सुरू केली होती. दोन्ही गावांमध्ये सरळ रेषेत साडेनऊशे किलोमीटरचे अंतर. दोन शाळांमध्ये टपाल सुरू झाले. छापील पाने जात, सोबत आपापल्या गावच्या वस्तूंची पुडकीही जात.

आता विचार करा. डोंगरातल्या मुलाने 'आमच्याकडे फुले वेचणी सुरू झाली' एवढेच लिहून भागेल का? समुद्रकाठच्या मुलाला संत्र्याचे फूल कसे असते ते कुठे माहीत? ते केव्हा वेचतात, कोण वेचते, मजुरी काय मिळते, हे सगळे समजावून लिहिणे भाग आहे. आणि तिकडच्या मुलाला भरती-ओहोटी म्हणजे काय ते लिहिणे भाग आहे. ज्या गोष्टी आपण रोज बघतो, त्या न बघणाऱ्याला सांगायच्या म्हटल्या की आपल्यालाच त्या पहिल्यांदा नीट दिसतात. मग मूल घरी येऊन बापाला विचारते, आजीला विचारते, झाडापाशी जाऊन पुन्हा बघते. इतिहास, भूगोल, हिशेब, सगळेच त्या टपालाच्या पिशवीतून शाळेत येऊ लागले.

हळूहळू अशा शाळांची साखळी झाली. त्या सगळ्या शाळांमधले निवडक लेखन गोळा करून मुलांचे एक मासिक निघू लागले. त्याचे नाव 'ला जेर्ब'. याचा अर्थ ठाऊक आहे? 'पेंढी'! एकेका शाळेतून आलेली मूठ-मूठ धाटे, आणि त्यांची बांधलेली पेंढी. शेतकऱ्याच्या मुलाला दुसरे कोणते नाव सुचणार?

ही वाट काही सुखाची नव्हती. १९२८ साली फ्रेने सँ-पॉल या गावच्या शाळेत गेले. तिथे गावातल्या वजनदार मंडळींशी त्यांचे पटेना. मास्तर डाव्या विचारांचे होते, आणि शाळेच्या दुरवस्थेबद्दलही उघड बोलत. एका मुलाने आपल्याला पडलेले स्वप्न लिहिले होते, त्यात मुलांनी गावच्या नगराध्यक्षाविरुद्ध बंड केले होते. छापलेले तेच पान विरोधकांनी हाती धरले. १९३२ सालाअखेर गावात मास्तरांविरुद्ध भित्तिपत्रके लागली आणि १९३३ मध्ये त्यांना ती शाळा सोडावी लागली. पण त्यांनी हाय खाल्ली नाही. १९३५ साली व्हाँस गावाजवळ त्यांनी स्वतःची शाळा उघडली. १९६६ साली ते वारले, तेव्हा त्यांची पद्धत अनेक देशांत पोचली होती.

या पद्धतीची एक फांदी इटलीत गेली, तीही ऐकण्यासारखी आहे. बार्बियाना नावाच्या डोंगरातल्या वस्तीवर लोरेन्झो मिलानी नावाचे पाद्री १९५४ च्या डिसेंबरात आले. शेतकऱ्यांची जी मुले शाळेत नापास होऊन घरी बसली होती, त्यांना ते शिकवू लागले. तिकडे खाली सपाटीवर, व्हो या गावात, मारिओ लोदी नावाचे शिक्षक फ्रेने यांच्या वाटेने मुलांकडून लिहून घेत होते. १९६३ साली या दोन शाळांच्या मुलांनी एकमेकांना पत्रे लिहिली. बार्बियानाच्या मुलांनी ते पत्र एकेकट्याने लिहिले नाही, सगळ्यांनी मिळून लिहिले. प्रत्येकाने आपला विचार चिठ्ठीवर लिहायचा. एका चिठ्ठीवर एकच विचार. मग सगळ्या चिठ्ठ्या मेजावर मांडायच्या, सारख्या सारख्या एकत्र करायच्या, क्रम लावायचा. मग फालतू शब्द शोधून काढून टाकायचे, जसे आपण धान्य निवडताना खडे काढतो तसे. शेवटी जे उरे ते शेतावरच्या माणसालाही कळे आणि शहरातल्या शिकलेल्यालाही नाकारता येत नसे. पुढे याच रीतीने आठ मुलांनी एक पुस्तकच लिहिले. एका शिक्षिकेला लिहिलेले पत्र, असे त्याचे रूप. गरिबांचीच पोरे नापास का होतात, हा त्यांचा सवाल होता, आणि तो आकडेवारीसकट मांडला होता. १९६७ साली ते छापून आले. जगातल्या कितीतरी भाषांत ते गेले, मराठीतही त्याचा अनुवाद झाला आहे. नापास म्हणून घरी पाठवलेल्या मुलांनी हे केले!

आणि परदेशचेच दाखले कशाला? फ्रेने मास्तरांनी छपाईयंत्र आणले, त्याच १९२४ साली आपले साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे छात्रालयाचा भार त्यांच्याकडे आला. तिथल्या मुलांसाठी त्यांनी 'छात्रालय दैनिक' सुरू केले. दैनिक, म्हणजे रोजचे, आणि तेही हाताने लिहिलेले! १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिकही काढले. १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले. खानदेशातले गुरुजी आणि फ्रान्समधले मास्तर यांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. पण लिहिणे आणि वाचणे हे एका माणसाने दुसऱ्या माणसाशी बोलण्यासाठी असते, एवढे दोघांनाही कळले होते.

आता तुम्ही म्हणाल, ही थोरामोठ्यांची कामे. आमच्या वस्तीशाळेत दोन शिक्षक आणि चार वर्ग. आम्ही काय करणार?

तर छापखाना लागत नाही. एक जुना पुठ्ठा आणि चार टाचण्या पुरतात. शाळेच्या व्हरांड्यात मुलांच्या उंचीवर पुठ्ठा लावा आणि दर सोमवारी तीन-चार मुलांचे लेखन त्यावर डकवा. खाली एक कोरा कागद ठेवा. ज्याने वाचले त्याने एक ओळ लिहून जावी. 'तुझी म्हैस आता बरी आहे का?' एवढी एक ओळ पुरते. लाल शाईच्या खुणेने जे होत नाही, ते या ओळीने होते. महिन्याची पाने दोऱ्याने शिवली की हस्तलिखित झाले. ते आळीपाळीने घरी जाऊ द्यावे. शाळा व्यवस्थापन समितीवर आपल्यापैकीच पालक असतात. त्यांनी गुरुजींशी बोलावे, पुठ्ठा आणि कागद आणून द्यावे.

दुसरे, लांबच्या एखाद्या शाळेशी टपाल सुरू करावे. कोरडवाहू माणदेशातली शाळा आणि कोकणातल्या मासेमारांच्या गावची शाळा, अशी जोडी किती छान जमेल! पाण्याच्या टँकरची वाट बघणे म्हणजे काय, हे कोकणातल्या पोरांना कळेल, आणि होडी दर्यात न्यायची की नाही हे आभाळाकडे बघून कसे ठरवतात, ते माणदेशातल्या पोरांना. एका मोठ्या पाकिटात साऱ्या वर्गाची पत्रे मावतात.

तिसरी गोष्ट माझ्या फार जवळची आहे. आपल्या बीड-नगरकडच्या कितीतरी गावांतून दिवाळीच्या मागेपुढे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आईबापांबरोबर लेकरेही जातात. हजेरीपटावर नाव राहते, बाकावरची जागा मात्र रिकामी. पाच-सहा महिन्यांनी पोर परत येते तेव्हा ते वर्गातून तुटलेले असते. त्या लेकराला वर्गाने पत्र लिहिले तर? 'आमचा गहू ओंबीवर आला, तुमच्या फडात काय चाललंय?' हल्ली टोळीत कोणाजवळ तरी मोबाइल असतोच. गुरुजींनी पत्राचा फोटो पाठवावा, लेकराने कोपीपुढे बसून उत्तर लिहावे, त्याचा फोटो वर्गात वाचला जावा. लेकराचे वाचन-लेखन टिकेल हे तर आहेच. त्याहून मोठी गोष्ट ही, की आपली कोणीतरी वाट बघते आहे, हे त्याला कळेल.

काही पथ्ये मात्र पाळावीत. मुलाने लिहिलेले हाती आले की आधी मजकुराला उत्तर द्यावे, मग ऱ्हस्व-दीर्घाकडे वळावे. शेळी मेली असे लिहिणाऱ्या पोराला 'शेळीतली वेलांटी चुकली' हे पहिले सांगू नये. पण लेखन बाहेरगावी जाणार असेल तर मुलाला जवळ बसवून ते शुद्ध करूनच पाठवावे. पाहुण्यापुढे आपण ताट पुसून ठेवतो ना, तसेच ते आहे. घरातले भांडण, कोणाची उधारी, कोणाची बदनामी असे काही असेल, तर ते वहीतच राहू द्यावे. सँ-पॉलच्या मुलाचे स्वप्न ज्यांच्या हाती पडले, त्यांनी त्याचे काय केले ते आपण वर पाहिलेच. आणि मोबाइलवर लेखन पाठवायचे तर ओळखीच्या शाळेला, ओळखीच्या माणसाला पाठवावे. लेकराचे नाव, गाव, फोटो जगभर पसरू देऊ नये.

राहता राहिली आई. कित्येक माउल्या म्हणतील, "आम्हाला वाचता येत नाही, आम्ही काय लेकराचं लिहिलेलं बघणार?" मी म्हणतो, वाचता येत नाही हे तर चांगलेच झाले! लेकराला सांगा, "मला वाचून दाखव." तवा चुलीवर असतानाही कान मोकळे असतात. ऐकून झाले की एकच प्रश्न विचारा, "मग पुढं काय झालं रे?" या एका प्रश्नासाठी लेकरू दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहील.

आमच्या आळीतल्या त्या पोराचे काय झाले ते सांगून थांबतो. त्या सकाळी त्याने पुन्हा कागद ओढला. वेळ लिहिली, उडालेले पत्रे लिहिले, भिजलेले कप्पे लिहिले, आईचे नाव, गट नंबर लिहिला. अर्ज आईला वाचून दाखवला. वहिनी ऐकता ऐकता मध्येच म्हणाल्या, "सात नव्हं, आठ पत्रे. एक विहिरीत पडलाय." पोराने खोडून आठ केले. तिसऱ्या दिवशी भाऊसाहेब आले. अर्ज हातात धरून त्यांनी एकेक कप्पा बघितला, पत्रे मोजले. आठच भरले. भरपाई किती मिळाली आणि कधी मिळाली, ती गोष्ट वेगळी. पण भाऊसाहेब जाताना विचारून गेले, "अर्ज कोणी लिहिला?"

वहिनी काही बोलल्या नाहीत. नुसते पोराकडे बघून हसल्या. आता हा पोरगा आळीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे अर्ज लिहून देतो. आधी विचारतो, "आजी, काय झालं ते नीट सांगा." आणि मग लिहायला घेतो.

तेव्हा मंडळी, आज रात्री जेवणे उरकली की लेकराची वही मागा. गुणांचे पान बघू नका. त्याने स्वतःचे असे काय लिहिले आहे ते वाचायला सांगा. तसे काहीच लिहिले नसेल, तर त्याला म्हणा, "आज रानात काय काय बघितलंस ते लिही. उद्या मी ऐकणार आहे."

आणि उद्या खरोखरच ऐका.